विद्युत रेडिओ-नियंत्रित ऑफ-रोड बग्गी

विद्युत रेडिओ-नियंत्रित ऑफ-रोड बग्गी ही माती, मुरूम, गवत, गालिचा किंवा कृत्रिम हिरवळ अशा पृष्ठभागांवर शर्यतीसाठी चालवली जाणारी, विद्युत मोटर व पुनर्भारणक्षम बॅटरीवर धावणारी लहान आकाराची गाडी आहे. चालक धावपट्टीच्या बाहेर उभा राहून हातातील प्रेषकाच्या साहाय्याने तिची दिशा व वेग नियंत्रित करतो. उघडी चाके, लांब दांड्यांचे निलंबन, तेल भरलेले धक्काशोषक आणि मागील बाजूचा पंख ही या गाडीची बाह्य लक्षणे होत. बोलीभाषेत तिला 'आरसी बग्गी' किंवा 'रिमोटची गाडी' म्हणतात. मात्र खेळण्यांच्या दुकानातील रिमोटची गाडी आणि शर्यतीची बग्गी यांत मूलभूत फरक आहे. शर्यतीच्या बग्गीचा प्रत्येक भाग सुटा करता येतो, बदलता येतो आणि त्याची जुळवणी करता येते. या लेखात बग्गीची निवड, तिची जुळवणी आणि घाटकोपरसारख्या दाट वस्तीच्या उपनगरात ती चालवताना घ्यावयाची काळजी यांची माहिती दिली आहे.

इतिहास

मातीवर चालणाऱ्या विद्युत बग्गीचा प्रसार जपानमधील तामिया या कंपनीच्या 'रफ रायडर' व 'सँड स्कॉर्चर' या १९७९ सालच्या गाड्यांपासून झाला. १९८४ साली तामियाच्या 'ग्रासहॉपर' व 'हॉर्नेट' या स्वस्त व सोप्या गाड्या बाजारात आल्या आणि हा छंद शाळकरी मुलांपर्यंत पोहोचला. त्याच वर्षी अमेरिकेतील असोसिएटेड इलेक्ट्रिक्स या कंपनीने 'आरसी१०' ही बग्गी आणली. अ‍ॅल्युमिनियमचा सोनेरी सांगाडा असलेली ही गाडी खेळण्यापेक्षा शर्यत नजरेसमोर ठेवून रचलेली होती आणि पुढील अनेक वर्षे दोन-चाक-चालित बग्गीचा ती आदर्श मानली गेली. जपानमधील क्योशो व योकोमो, तसेच इंग्लंडमधील शूमाकर या कंपन्यांनी चार-चाक-चालित बग्गीचा विकास पुढे नेला.

१:१० प्रमाणाच्या विद्युत ऑफ-रोड गाड्यांची पहिली विश्वस्पर्धा १९८५ साली अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील डेल मार येथे झाली. ही स्पर्धा 'इफमार' या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या वतीने साधारणतः एक वर्षाआड भरते. महासंघाचे चार विभागीय गट असून युरोपचा गट 'एफ्रा', उत्तर अमेरिकेचा 'रोअर' आणि आशिया-प्रशांत प्रदेशाचा 'फेमका' या नावाने ओळखला जातो. जपानचे मासामी हिरोसाका यांनी विविध वर्गांत मिळून १४ विश्वविजेतेपदे मिळवली आहेत.

तंत्रज्ञानाच्या दृष्टीने या गाडीत तीन मोठे बदल झाले. निकेल-कॅडमियम बॅटरीची जागा आधी निकेल-मेटल हायड्राइडने व नंतर लिथियम-पॉलिमर बॅटरीने घेतली. ब्रश असलेल्या मोटरीची जागा ब्रशलेस मोटरीने घेतली. स्फटिकांवर चालणाऱ्या २७ मेगाहर्ट्झच्या रेडिओची जागा २.४ गिगाहर्ट्झच्या संचांनी घेतली. जुन्या पद्धतीत दोन चालकांकडे एकाच वारंवारतेचा स्फटिक असला, तर एकाच्या हालचालीने दुसऱ्याची गाडी भरकटत असे. नव्या संचांत प्रेषक व ग्राहक यांची जोडी एकमेकांशी बांधलेली असल्याने हा प्रश्न उरला नाही. भारतात २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील कमी शक्तीच्या उपकरणांना २००५ पासून परवान्याची आवश्यकता नाही.

वर्गीकरण

बग्गीचे वर्गीकरण मुख्यतः प्रमाण व चालित चाके यांवरून होते. १:१० प्रमाण म्हणजे खऱ्या गाडीच्या सुमारे दहाव्या हिश्श्याची प्रतिकृती.

१:१० दोन-चाक-चालित बग्गी – मोटरीची शक्ती फक्त मागील चाकांना मिळते. वजन सुमारे दीड किलो. रचना सोपी, सुटे भाग कमी आणि देखभालीचा खर्च तुलनेने मर्यादित. निसरड्या मातीवर ती चालवणे मात्र कठीण असते, कारण वेग वाढवण्याची घाई केल्यास मागील बाजू घसरते.

१:१० चार-चाक-चालित बग्गी – शक्ती पट्ट्याने किंवा दांड्याने चारही चाकांना मिळते. पकड अधिक, वळणातून बाहेर पडण्याचा वेग अधिक. परंतु भाग जास्त व झीजही जास्त.

१:८ चार-चाक-चालित बग्गी – मूळची इंजिनावर चालणाऱ्या गाड्यांची रचना विद्युत मोटरीसाठी बदलून हा वर्ग निर्माण झाला. वजन तीन किलोंहून अधिक. पुढे, मध्यभागी व मागे असे तीन डिफरन्शियल असतात. खडबडीत जमीन ती सहज पार करते; परंतु तिला मोठे मैदान लागते आणि ती माणसाला लागल्यास गंभीर इजा होऊ शकते.

दोन-चाक-चालित बग्गीत मोटर मागील आसाच्या मागे असावी की पुढे, हा एक जुना वाद आहे. मोटर मागे असल्यास मागील चाकांवर भार वाढून सैल मातीवर पकड मिळते. २०१० नंतरच्या दशकात गालिचा व कृत्रिम हिरवळीच्या धावपट्ट्या वाढल्या, तशी मोटर आसाच्या पुढे ठेवण्याची रचना रूढ झाली. त्यामुळे गाडीचे वजन मध्याकडे येते आणि भरपूर पकड असलेल्या पृष्ठभागावर ती चपळपणे वळते.

निवड

बग्गी निवडताना नवशिक्याचे लक्ष प्रथम वेगाकडे जाते. प्रत्यक्षात पुढील प्रश्न या क्रमाने विचारणे हिताचे ठरते.

गाडी कोठे चालवणार? – घराजवळ जो पृष्ठभाग नियमितपणे उपलब्ध आहे, त्याला अनुरूप गाडी घ्यावी. गालिच्यासाठी रचलेली, जमिनीलगत बसणारी गाडी मुरमाच्या मैदानावर खाली घासते व तिचा सांगाडा लवकर झिजतो.

सोबत कोण चालवणार? – ज्या वर्गाच्या गाड्या परिसरातील इतर चालकांकडे आहेत, तोच वर्ग निवडल्यास शर्यत शक्य होते, सुटे भाग उसने मिळतात आणि जुळवणीचा अनुभव वाटून घेता येतो. एकट्याकडे असलेल्या उत्तम गाडीपेक्षा चौघांकडे असलेली साधारण गाडी अधिक शिकवते.

सुटे भाग मिळतात का? – ऑफ-रोड गाडी मोडणारच, हे गृहीत धरावे लागते. निलंबनाच्या दांड्या, चाकाचे आस, धक्काशोषकाचे दांडे व स्पर गियर हे भाग सर्वांत आधी तुटतात. एखादा लहान भाग परदेशातून मागवावा लागल्यास टपालखर्च व सीमाशुल्क मिळून त्याची किंमत मूळ किमतीच्या कितीतरी पट होते आणि गाडी काही आठवडे पडून राहते. म्हणून गाडी घेतानाच या चार भागांचा एकेक जोड घेऊन ठेवणे शहाणपणाचे असते.

जुळणी संच की तयार गाडी? – तयार गाडी लगेच चालवता येते. पण तिच्यातील मोटर, सर्व्हो व प्रेषक बहुधा साधे असतात. जुळणी संचात सांगाडा व यांत्रिक भाग मिळतात. इलेक्ट्रॉनिक भाग वेगळे घ्यावे लागतात. संच जुळवताना गाडीची रचना हातांना कळते आणि पुढे दुरुस्ती सोपी होते. विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा लाभ मोठा आहे.

पैसे कसे वाटावेत? – सर्व रक्कम गाडीवर खर्च करून चार्जर व बॅटरी स्वस्तातली घेणे ही सर्वाधिक आढळणारी चूक आहे. गाडी दोन-तीन वर्षांत बदलली जाते. चांगला प्रेषक व चांगला चार्जर अनेक वर्षे टिकतात. शिवाय निकृष्ट चार्जरमुळे होणारे नुकसान केवळ पैशाचे नसते.

जुनी गाडी घेताना चाके हाताने हलवून बेअरिंगमधील ढिलेपणा, सांगाड्याच्या तळाची झीज, धक्काशोषकांतून गळणारे तेल आणि डिफरन्शियलमधील खरखर तपासावी. जुन्या गाडीबरोबर मिळणारी जुनी लिथियम बॅटरी, ती कितीही चांगली दिसत असली तरी, न घेणे उत्तम.

विद्युत भाग

मोटर – ब्रशलेस मोटरीची ओळख 'टर्न' म्हणजे तारेच्या वेढ्यांच्या संख्येने किंवा 'केव्ही' या आकड्याने होते. केव्ही म्हणजे भार नसताना प्रति व्होल्ट मोटर मिनिटाला किती फेरे घेते ती संख्या. वेढे कमी असतील तितका वेग व विद्युतप्रवाह अधिक. १:१० बग्गीत १७.५ व १३.५ टर्नच्या मोटरी मर्यादित वर्गांत वापरतात, तर मुक्त वर्गात याहून बऱ्याच कमी वेढ्यांच्या मोटरी चालतात. संवेदक असलेली मोटर मंद वेगातही झटके न देता सुरू होते. वळणावर अलगद वेग देण्यासाठी हा गुण महत्त्वाचा आहे.

वेग नियंत्रक – 'ईएससी' या लघुनामाने ओळखला जाणारा हा भाग बॅटरीची शक्ती मोटरीला हव्या त्या प्रमाणात पुरवतो. बॅटरीचा दाब ठरावीक मर्यादेखाली गेल्यास मोटर थांबवण्याची सोय यात असते. लिथियम बॅटरीसाठी ही सोय सुरू आहे याची खात्री गाडी प्रथम चालवण्यापूर्वीच करावी.

सर्व्हो – पुढील चाके वळवणारी लहान मोटर. तिचा वेग व बल अपुरे असल्यास चालकाचा हात कितीही तयार असला तरी गाडी उशिराच वळते.

बॅटरी – लिथियम-पॉलिमर बॅटरीच्या एका घटाचा नाममात्र दाब ३.७ व्होल्ट, तर पूर्ण भारित दाब ४.२ व्होल्ट असतो. १:१० बग्गीत दोन घटांची, म्हणजे ७.४ व्होल्टची बॅटरी वापरतात. १:८ बग्गीत बहुधा चार घटांची, १४.८ व्होल्टची असते. धारिता मिलिअँपिअर-तासांत मोजतात. ५,००० मिलिअँपिअर-तासांच्या दोन घटी बॅटरीत सुमारे ३७ वॅट-तास ऊर्जा साठते. पाच मिनिटांच्या शर्यतीत समजा २,००० मिलिअँपिअर-तास खर्च झाले, तर सरासरी प्रवाह २४ अँपिअर होतो. घरगुती विजेच्या साध्या सॉकेटमधून जेवढा प्रवाह घेता येतो, त्याहून हा अधिक आहे. म्हणूनच जोडण्या घट्ट व झाळणे निर्दोष असणे अत्यावश्यक ठरते.

गियर प्रमाण

मोटरीच्या दट्ट्यावरील लहान दातेरी चाकाला पिनियन व त्याने फिरणाऱ्या मोठ्या चाकाला स्पर म्हणतात. स्परचे दाते भागिले पिनियनचे दाते, गुणिले गियरपेटीचे अंतर्गत प्रमाण, म्हणजे अंतिम गियर प्रमाण. गाडीचे चाक एकदा फिरण्यासाठी मोटरीने किती फेरे घ्यावे लागतात, ते या संख्येवरून कळते.

उदाहरणार्थ, स्पर ७२ दात्यांचे, पिनियन २४ दात्यांचे व अंतर्गत प्रमाण २.६ असल्यास अंतिम प्रमाण ७.८ येते. मागील टायरचा व्यास ८४ मिलिमीटर असल्यास परिघ सुमारे २६४ मिलिमीटर होतो. म्हणजे मोटरीच्या एका फेऱ्यात गाडी सुमारे ३४ मिलिमीटर पुढे जाते. मोटर ३,५०० केव्हीची व दाब ७.४ व्होल्ट असेल, तर भाररहित वेग मिनिटाला २५,९०० फेरे आणि गाडीचा सैद्धांतिक वेग ताशी सुमारे ५२ किलोमीटर येतो. पिनियन २२ दात्यांचे केल्यास अंतिम प्रमाण सुमारे ८.५ होऊन सैद्धांतिक वेग ताशी सुमारे ४८ किलोमीटरवर येतो. पण वळणातून बाहेर पडताना गाडी अधिक जोमाने उसळी घेते व मोटर कमी तापते. प्रत्यक्ष वेग हवेच्या व मातीच्या रोधामुळे या आकड्यांहून कमीच असतो.

लहान व वळणदार धावपट्टीवर लहान पिनियन, तर लांब सरळ पट्टा असल्यास मोठे पिनियन वापरतात. मोठे पिनियन लावताना एका वेळी एकच दाता वाढवावा आणि दर खेपेस दोन-तीन मिनिटे गाडी चालवून मोटरीचे तापमान मोजावे. ते ७५ ते ८० अंश सेल्सियसच्या वर जाऊ लागल्यास पिनियन पुन्हा लहान करावे. मोटर फार तापली की आतील चुंबकाची शक्ती कायमची कमी होते.

वजनाचे स्थलांतर

जुळवणीतील बहुतेक सर्व बदलांच्या मुळाशी एकच तत्त्व आहे : गाडी वेग घेते, थांबते किंवा वळते तेव्हा चाकांवरील भाराची वाटणी बदलते. वेग घेताना भार मागे जातो, ब्रेक लावताना पुढे येतो आणि वळताना बाहेरील चाकांवर जातो. हा भार गाडीचे वस्तुमान, त्वरण व गुरुत्वमध्याची उंची यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात आणि दोन आसांमधील अंतराच्या व्यस्त प्रमाणात असतो. समजा, १.६ किलोच्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ४५ मिलिमीटर उंच आहे, आसांतील अंतर २८० मिलिमीटर आहे आणि त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या ०.८ पट आहे. अशा वेळी सुमारे २०५ ग्रॅम भार पुढील चाकांवरून मागील चाकांवर सरकतो. दोन-चाक-चालित बग्गी वेग देताच वळेनाशी का होते, त्याचे उत्तर या २०५ ग्रॅममध्ये आहे.

हवेत असताना गाडीचे नियंत्रणही भौतिकशास्त्राच्या नियमाने होते. उडी घेतल्यावर मोटरीला वेग दिल्यास चाकांचे फिरणे वाढते व त्याच्या प्रतिक्रियेने गाडीचे नाक वर उचलले जाते. ब्रेक लावल्यास नाक खाली येते. कुशल चालक याच युक्तीने गाडी चारही चाकांवर उतरवतात.

जुळवणी

जुळवणीला प्रारंभ करताना उत्पादकाने पुस्तिकेत दिलेली मूळ जुळवणी जशीच्या तशी करावी. त्यानंतर एका वेळी एकच बदल करून तीच धावपट्टी किमान पाच फेरे चालवावी व वेळ वहीत नोंदवावी. दोन बदल एकदम केल्यास सुधारणा कशामुळे झाली ते कळत नाही. गाडी एकदा विलक्षण वेगाने धावली यापेक्षा पाच फेऱ्यांच्या वेळा एकसारख्या आल्या, याला अधिक महत्त्व आहे.

टायर – जमिनीला स्पर्श करणारा हा एकमेव भाग असल्याने त्याचा परिणाम इतर सर्व बदलांहून मोठा असतो. सैल मुरमावर उंच व विरळ काट्यांचे टायर, घट्ट बसलेल्या मातीवर आखूड व दाट काट्यांचे टायर वापरतात. मऊ रबराची पकड चांगली, पण झीज लवकर. टायर रिंगला चिकटवताना कडा कोरड्या व स्वच्छ करून पातळ गोंद थेंबाथेंबाने सोडावा. निघालेला टायर हे शर्यत अर्धवट सुटण्याचे नेहमीचे कारण असते.

जमिनीपासूनची उंची – १:१० बग्गीसाठी मातीवर साधारण २२ ते २४ मिलिमीटर, तर गालिच्यावर १६ ते १८ मिलिमीटर उंची ठेवतात. बॅटरीसह गाडी हातभर उंचीवरून सपाट फळीवर सोडावी, ती स्थिर झाल्यावर उंची मोजावी.

स्प्रिंग व तेल – मऊ स्प्रिंग खडबडीत जमिनीवर चाक टेकलेले ठेवते. कडक स्प्रिंगमुळे गाडी चटकन प्रतिसाद देते. पुढील स्प्रिंग मऊ केल्यास पुढील पकड वाढते. तेल स्प्रिंगची हालचाल आवरते. ते फार पातळ असल्यास उडीनंतर गाडीचा तळ आपटतो. फार घट्ट असल्यास लहान खाचांवर गाडी उसळते. चारही धक्काशोषकांत हवेचा बुडबुडा राहू नये व डाव्या-उजव्या जोडीची लांबी समान असावी.

कॅम्बर – चाकाची वरची कड आत झुकलेली असणे म्हणजे ऋण कॅम्बर. १ ते २ अंश ऋण कॅम्बरपासून प्रारंभ करतात. काही फेऱ्यांनंतर टायरची झीज पूर्ण रुंदीवर सारखी दिसली, तर कॅम्बर योग्य समजावा.

टो-इन – मागील चाकांचे पुढील टोक आतल्या बाजूला वळलेले असल्यास गाडी स्थिर राहते. दोन-चाक-चालित बग्गीत मागे सुमारे ३ अंश टो-इन सर्रास आढळते. ते वाढवल्यास स्थैर्य वाढते, सरळ पट्ट्यावरील वेग किंचित घटतो.

बॅटरीची जागा – बॅटरी मागे सरकवल्यास मागील पकड वाढते, पुढे सरकवल्यास गाडी अधिक वळते. हा बदल बिनखर्चाचा असल्याने तो लवकर करून पाहावा.

डिफरन्शियल – वळणात आतील व बाहेरील चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी ही यंत्रणा. आत सिलिकोन तेल भरलेले असते व त्याची चिकटता सेंटिस्टोक्समध्ये सांगतात. १:८ बग्गीत पुढे ७,०००, मध्ये ७,००० व मागे ३,००० ही एक परिचित सुरुवात आहे. मधले तेल पातळ असल्यास वेग देताना शक्ती हलक्या झालेल्या पुढील चाकांकडे वाहून जाते. घट्ट केल्यास मागील चाकांचा जोर वाढतो.

स्लिपर क्लच – उडीवरून उतरताना चाकांना बसणारा झटका गियरपर्यंत पोहोचू नये म्हणून थोडी घसरण होऊ देणारी यंत्रणा. ती पूर्ण आवळल्यास स्परचे दाते तुटतात. फार सैल सोडल्यास उष्णतेने स्पर वितळते.

लक्षणे व उपाय

वळणात पुढील चाके घसरून गाडी बाहेर जाते – पुढील स्प्रिंग मऊ करावी, बॅटरी थोडी पुढे घ्यावी, पुढील टायर मऊ घ्यावेत. त्यापूर्वी वळणात शिरताना वेग कमी करून पाहावा. पुष्कळदा दोष गाडीत नसून घाईत असतो.

मागील चाके घसरून गाडी गरकन फिरते – मागील स्प्रिंग मऊ करावी, टो-इन वाढवावे, बॅटरी मागे घ्यावी, प्रेषकावरून वेगाचा प्रतिसाद सौम्य करावा.

सरळ पट्ट्यावर गाडी एका बाजूला ओढते – सर्व्होचा मध्यबिंदू, वाकलेला आस, जाम झालेले बेअरिंग व दोन्ही बाजूंच्या धक्काशोषकांची लांबी तपासावी.

उडीनंतर तळ आपटतो – उंची वाढवावी, तेल किंचित घट्ट करावे.

वळणात गाडी उलटते – उंची कमी करावी, कमी पकडीचे टायर वापरावेत, वजन खाली आणावे.

घाटकोपर व मुंबई उपनगरांतील परिस्थिती

घाटकोपर हे मध्य रेल्वेवरील दाट वस्तीचे उपनगर असून मोकळी मैदाने थोडी आहेत आणि त्यांवर क्रिकेट व फुटबॉल खेळणाऱ्या मुलांचा, फिरायला येणाऱ्या ज्येष्ठांचा पहिला वावर असतो. विद्युत बग्गी इंजिनाच्या गाडीसारखा कर्कश आवाज व धूर करत नसल्याने वस्तीजवळ ती अधिक स्वीकारार्ह ठरते. तरीही ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने धावणारी दीड किलोची वस्तू लहान मुलाच्या पायाला लागल्यास हाड मोडू शकते. गर्दीच्या वेळी, रस्त्यावर किंवा सोसायटीच्या आवारात तिचा पूर्ण वेग वापरू नये. मैदानाचा वापर करण्यापूर्वी संबंधित व्यवस्थापनाची परवानगी घेणे व दोरी बांधून प्रेक्षकांची जागा वेगळी करणे आवश्यक आहे.

येथील मैदानांवरील मुरूम हा दख्खनच्या बेसाल्ट खडकाच्या विघटनाने तयार झालेला असतो. हिवाळ्यात व उन्हाळ्यात त्यावर धुळीचा व बारीक खड्यांचा सैल थर बसतो, त्यामुळे पकड कमी मिळते. सकाळी हलके पाणी शिंपडल्यास पृष्ठभाग काही काळ बांधला जातो. खडे स्पर व पिनियनच्या मध्ये अडकू नयेत म्हणून गियरवरील झाकण कधीही काढू नये. मोटरीभोवतीची धूळ मऊ ब्रशने प्रत्येक वेळी झटकावी.

जून ते सप्टेंबर या काळात मुंबईत २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि मातीवरील शर्यत अशक्य होते. हा काळ गाडी पूर्ण सुटी करून स्वच्छ करण्यासाठी, तेल बदलण्यासाठी व बेअरिंग तपासण्यासाठी योग्य असतो. दमट व खारट हवेमुळे पोलादी बेअरिंग व स्क्रू लवकर गंजतात. गाडी ओली झाल्यास ती कोरडी करून बेअरिंगला हलके तेल द्यावे. एप्रिल-मे महिन्यांतील उष्णतेत धक्काशोषकाचे तेल पातळ होते. वातानुकूलित खोलीत केलेली जुळवणी दुपारच्या मैदानात मऊ वाटते, ती याच कारणाने; अशा वेळी एक पायरी घट्ट तेल व एक दाता लहान पिनियन उपयोगी पडते.

तारा, जोडण्या, झाळणीचे साहित्य व लहान हत्यारे यांसाठी ग्रँट रोडजवळील लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, ही मुंबईतील इलेक्ट्रॉनिक वस्तूंची जुनी बाजारपेठ परिचित आहे. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या 'टेकफेस्ट' या १९९८ पासून भरणाऱ्या महोत्सवात इंजिनावर चालणाऱ्या रेडिओ-नियंत्रित गाड्यांची 'फुल थ्रॉटल' ही स्पर्धा झालेली आहे. घाटकोपरला लागून असलेल्या विद्याविहार येथील के. जे. सोमय्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी 'ओरायन रेसिंग इंडिया' या संघाद्वारे खरी, चालक बसणारी शर्यती गाडी तयार करतात. कॅम्बर, टो-इन, डिफरन्शियल व वजनाचे स्थलांतर या संकल्पना दोन्ही ठिकाणी एकच आहेत. बग्गीवर त्या कमी खर्चात व हाताच्या अंतरावर अभ्यासता येतात.

बॅटरीविषयक सुरक्षितता

लिथियम-पॉलिमर बॅटरी चुकीच्या हाताळणीने पेट घेते व ती आग झपाट्याने पसरते. एका खोलीच्या घरात, जेथे गादी, पडदे व स्वयंपाकाचा गॅस एकमेकांपासून चार हातांवर असतात, तेथे या नियमांना पर्याय नाही.

बॅटरी भारित होत असताना घरातील जाणत्या व्यक्तीने तेथेच थांबावे. रात्री झोपताना चार्जर सुरू ठेवू नये. चार्जर फरशीवर, ज्वलनशील वस्तूंपासून दूर, शक्यतो अग्निरोधक पिशवीत बॅटरी ठेवून लावावा. जिन्यात किंवा दारासमोर तो लावू नये, कारण आग लागल्यास बाहेर पडण्याचा मार्ग तोच असतो. चार्जरवर लिथियम-पॉलिमर प्रकार, घटांची योग्य संख्या व समतोल भारण निवडावे. भारण प्रवाह धारितेइतका, म्हणजे ५,००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीसाठी ५ अँपिअर ठेवल्यास सुमारे तासाभरात काम होते. शर्यतीनंतर गरम बॅटरी थंड होईपर्यंत भारित करू नये.

एका घटाचा दाब ३ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नये. आठवड्याहून अधिक काळ बॅटरी वापरात नसेल, तर प्रत्येक घट सुमारे ३.८ व्होल्टवर आणून ठेवावा. फुगलेली, चेपलेली किंवा वेष्टन फाटलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. ती ओल्या अथवा सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलकाकडे द्यावी. भारतात बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्यांच्या संकलनाची जबाबदारी उत्पादकांवर आहे. बॅटरी पेटल्यास धुरापासून दूर राहावे, घरातील सर्वांना बाहेर काढावे, वीजपुरवठा बंद करावा आणि १०१ या क्रमांकावर अग्निशमन दलाला कळवावे. विमानप्रवासात सुट्या लिथियम बॅटऱ्या सामानात न देता हातातील पिशवीत, टोके झाकून न्याव्या लागतात.

शर्यतीचे स्वरूप

१:१० वर्गातील पात्रता फेरी बहुधा पाच मिनिटांची असते. चालक उंच मंचावर उभे राहतात व गाडीतील लहान संदेशक धावपट्टीखालील तारेवरून जाताच फेऱ्याची वेळ संगणकात नोंदवली जाते. उलटलेली गाडी सरळ करण्यासाठी धावपट्टीभोवती मार्शल उभे असतात. आधीची फेरी संपवलेल्या चालकांनी पुढच्या फेरीला मार्शल म्हणून उभे राहावे, असा सर्वत्र रूढ संकेत आहे. ही जबाबदारी टाळणाऱ्या चालकाची फेरी रद्द होऊ शकते. मार्शलने येणाऱ्या गाड्यांकडे पाहूनच धावपट्टीवर पाऊल टाकावे आणि गाडी उचलताना फिरत्या चाकांपासून बोटे दूर ठेवावीत.

प्रेषक व गाडी सुरू करण्याचा क्रमही ठरलेला आहे : आधी प्रेषक, मग गाडी, बंद करताना आधी गाडी, मग प्रेषक. संपर्क तुटल्यास मोटर आपोआप थांबावी अशी सोय ग्राहकात करून ठेवावी व गाडीची चाके उचलून, प्रेषक बंद करून ती प्रत्येक शर्यतीपूर्वी तपासावी.